मेजरचा डावा डोळा

मेडस्टोनजवळची छावणी,
६ जुलै १७७८

ताई,

फ्रेंच इंग्लंडवर चाल करून कधी येणार, असं तू विचारलंस. इथे आम्ही सगळे त्यांची डोळे लावून वाट बघतोय, कारण त्यांच्या पोत्यांत निदान बरा पाव तरी असेल. आमचा पाव परवा ढोलवाल्या जेम टॉलीने ढोलाच्या कडेवर आपटून पाहिला. कड चेपली, पावाला काही झालं नाही. बाहेरून हिरवा असतो आणि आत जे वळवळतं त्याला आम्ही मांसाहार म्हणतो.

तुझा भाऊ आता कॉर्पोरल झालाय. म्हणजे लाल कोटाच्या खांद्यावर एक गोंडा आला आणि दिवसभर हजेरीपट लिहायचं काम गळ्यात पडलं.

हा पाव मेजर गॅडबरीच्या मर्जीतल्या भटारखान्यातून येतो. मेजर स्वतः त्याला शिवत नाही. त्याच्या तंबूत रोज मटणाची पाई जाते, एवढी मोठी की दोघांनी उचलायची. त्याच्या डाव्या डोळ्यावर काळी पट्टी आहे. नवीन माणसाला तो सांगतो, डोळा लढाईत गेला. त्याचाच नोकर सांगतो, मेजवानीत शॅम्पेनचं बूच उडून गेला.

आमच्याकडे एकडोळे दोन आहेत बरं का. दुसरे लेफ्टनंट हॅलेट. यांचा गेला उजवा, आणि तो खरोखरच जर्मनीत, तोफगोळ्याच्या किरचीने. दोघंही साठीला टेकलेले, दोघांचीही पोटं सुटलेली. पाठमोरे उभे राहिले की सलाम कुणाला ठोकायचा ते कळत नाही. पण तोंड फिरवून बोलायला लागले की लगेच कळतं. हॅलेट साहेब साध्या शिपायापासून चढत आले आणि तीस वर्षांत लेफ्टनंटच्या वर गेले नाहीत, कारण वर जायला मामा-काका लागतात. रविवारी ते मला किल्ल्यांचे नकाशे काढायला शिकवतात. बुरूज कसा मांडायचा, त्याचा कोन कसा धरायचा. म्हणतात, "पेनफोल्ड, हा हात बंदुकीसाठी नाही. तुला लंडनच्या नकाशाखान्यात चिकटवल्याशिवाय मी डोळा मिटत नाही. एकच उरलाय, तोही उघडा ठेवीन."

गेल्या महिन्यापासून मेजरने पाववाटपाच्या कागदांवर सह्या करायचं काम त्यांच्यावर ढकललंय. ते रोज तक्रार लिहितात आणि मेजर रोज फाडतो. आणि हॅलेट साहेब स्वतः खातात तोच पाव, पाण्यात भिजवून, कारण दात राहिलेले नाहीत.

या पत्राच्या मागच्या बाजूला मेजरला काढलंय. बघ आणि हस. पण कुणाला दाखवू नकोस, माझ्या पाठीची सालटी निघतील.

तुझा
अंब्रोज


लंडन,
१५ जुलै १७७८

अंब्रोज,

तुझं पत्र दुकानात उघडलं ही माझी चूक झाली. मी इतकी हसले की आमचे मालक मिस्टर स्पर्लिंग काय झालं म्हणून धावत आले. मी म्हटलं, भावाला ताप आलाय. ते म्हणाले, भावाच्या तापाने एवढी खूश झालेली बहीण मी पहिल्यांदाच बघतोय.

काय रे तो पाईचा किल्ला! त्याला बुरूज, खंदकात रस्सा, आणि तुझा मेजर हातात काटा उपसून चढाई करतोय. मागे बरगड्या मोजता येतील असे शिपाई त्याला सलामी देतायत. तिकडे तुला किल्ले शिकवणाऱ्या साहेबांना माझा नमस्कार सांग. त्यांना कल्पना नसेल की त्यांची विद्या कणकेवर खर्च होतेय.

इकडे आम्ही सात जणी त्याच टेबलाभोवती आहोत. छापील चित्र हातोहात फिरत येतं. एक जण आभाळ रंगवते, एक जण गाल, आणि लाल कोट माझे. चार वर्षं झाली, इंग्लंडच्या सैन्याला मीच कपडे घालतेय. पण आता एक बातमी ऐक. छपाईचे पत्रे कोरणारे आमचे कॉब आजोबा तेजाबाने हात भाजून घेऊन घरी बसलेत. मिस्टर स्पर्लिंगनी तांब्याचा पत्रा आणि सुई माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "ड्रुसिला, बघ जमतंय का." म्हणजे पेनफोल्डांच्या घरातली मी पहिली, जिचं काम दुकानाच्या काचेत लागणार!

काय कोरणार ते आत्ता सांगणार नाही. धीर धर आणि चिडचिड करू नकोस.

ताई


लंडन,
३ ऑगस्ट १७७८

अंब्रोज,

अडीच आठवडे तुझी एक ओळ नाही. राहू दे, आज मला कुणावरच रागावता येत नाही.

लागलं! काचेत लागलं! शनिवारी सकाळी टांगलं आणि दुपारपर्यंत रस्त्यात अशी गर्दी झाली की एका सरदारीणबाईची पालखी अडकली. तिने पडदा सारून शिव्या दिल्या, मग चित्र बघितलं, मग चार प्रती घेतल्या. नाव ठेवलंय 'किल्ला सर झाला!' खाली मिस्टर स्पर्लिंगनी आपल्या मनाची एक ओळ घातली: 'छावणीतल्या प्रत्यक्षदर्शीच्या रेखाटनावरून'. त्याशिवाय खपत नाही म्हणाले. घाबरू नकोस. तुझं नाव नाही, मेजरचं नाही, रेजिमेंटचंही नाही. मी काही खुळी नाही.

तू दाखवू नकोस म्हणालास ते मला आठवतंय. पण अंब्रोज, मला पहिल्यांदा सुई मिळाली होती, आणि माझ्याजवळ त्याहून चांगलं चित्र नव्हतं. तुझं चित्र पत्र्यावर ठेवलं आणि रेघेवरून रेघ गिरवली. केसाएवढाही फरक केला नाही. अक्षरं तेवढी उलटी कोरावी लागतात, छापल्यावर सुलटी दिसायला. ती कोरताना माझी जीभ सारखी बाहेर येत होती. पण एक अक्षर चुकलं नाही.

एक प्रत सोबत पाठवतेय. तुझ्या मेजरला कुणीतरी चव्हाट्यावर आणायलाच हवं होतं. आपण दोघांनी आणलं.

तुझी
ताई


छावणी,
७ ऑगस्ट १७७८

ताई,

हे काय केलंस तू? काय केलंस?

तुझ्या प्रतीच्या आधीच चित्र इथे पोचलं होतं. बुधवारी एक अधिकारी लंडनहून परत आला, त्याच्या पिशवीत तीन प्रती. मी हजेरीपट घेऊन अधिकाऱ्यांच्या भोजनाच्या तंबूत गेलो, तर मेजर गॅडबरी स्वतः, स्वतःच्या हाताने, ते चित्र मधल्या खांबावर ठोकत होता. मला वाटलं माझं डोकं फिरलं. तो हसत होता, ताई. पोट धरून. म्हणत होता, "हुबेहूब! अगदी हुबेहूब! आता सगळ्या लंडनला कळलं, शिपायांचा पाव कोण खातो ते!"

मी जवळ जाऊन बघितलं. पट्टी उजव्या डोळ्यावर आहे.

मी डाव्या डोळ्यावर काढली होती. मला पक्कं आठवतं. तुझ्या चित्रात ती उजव्यावर आहे. एकडोळा, म्हातारा, पोट सुटलेला, उजवा डोळा गेलेला, आणि पावाच्या कागदांवर ज्याची सही असते असा माणूस या छावणीत एकच आहे. ते हॅलेट साहेब.

ते तिथेच बसले होते. समोर पाण्यात भिजवलेला पाव.  त्यांनी मान वर करून चित्राकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, मग पाव संपवला, वाटी पुसली आणि निघून गेले.

तू काय बदललंस? आणि का? मेजरला घाबरून डोळा बदललास का? खरं सांग.

अंब्रोज


लंडन,
१० ऑगस्ट १७७८

अंब्रोज,

देवाशपथ, मी काहीही बदललं नाही. म्हणूनच हे झालं.

तुझं पत्र वाचून मी पत्रा काढला आणि बघत बसले. पत्र्यावर पट्टी डाव्या डोळ्यावर आहे, तू काढलीस तशीच. पण पत्र्यावरचं कागदावर उतरताना सगळं उलटतं. डावं उजवं होतं, उजवं डावं. शेंबडं पोरही सांगेल या धंद्यातलं. म्हणून तर कॉब आजोबा मूळ चित्र कधी तसंच गिरवत नाहीत. ते आरसा लावतात, आरशातलं बघून कोरतात. तो आरसा माझ्या डोक्यावर खिळ्याला टांगलेला होता. अक्षरं उलटी करायची आठवण मला राहिली, कारण नाहीतर ती वाचताच आली नसती. माणूस उलटा करायची आठवण राहिली नाही. माणूस कसाही छापला तरी वाचता येतो ना!

आता तूही बघ. काटा डाव्या हातात आहे, तलवार उजव्या कमरेला. गर्दीतल्या एकालाही ते खटकलं नाही.

मी मिस्टर स्पर्लिंगना सगळं सांगितलं, मेजरचंही. म्हटलं, पत्रा परत कोरू, आरसा लावून नीट करू, खाली दिलगिरी छापू. ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे आत्ता चित्रात कुणीतरी गरीब लेफ्टनंट आहे आणि तू तिथे बड्या घरातला मेजर बसवणार? वेडी आहेस का? गरीब लेफ्टनंट कोर्टात जात नाही." आणि तेवढं बोलून आणखी प्रती काढायला सांगितल्या. मी तिथेच उभी राहिले. या माणसाचं मीठ मी चार वर्षं खाल्लं.

माझं जाऊ दे. तू आत्ताच्या आत्ता हॅलेट साहेबांकडे जा. सांग, चित्र मेजरचं होतं, तुझ्या बहिणीने मूर्खपणा केला. त्यांना ते कळायला हवं. कागद खाली ठेव आणि जा.

ताई


छावणी,
३० ऑगस्ट १७७८

ताई,

मी गेलो नाही.

तीनदा त्यांच्या तंबूपर्यंत गेलो आणि तीनदा परत आलो. जूनमध्ये एकाने मेजरविरुद्ध नुसतं गाणं रचलं होतं, त्याला तीनशे फटके बसले. पन्नासानंतर तो ओरडायचा थांबला होता. मी पहिल्या रांगेत होतो, सगळं बघितलं होतं. दर वेळी तंबूच्या दारात ते आठवायचं आणि पाय मागे फिरायचे. आता पुढचं वाच आणि मला काय म्हणायचं ते म्हण.

आधी अधिकाऱ्यांनी त्यांना वाळीत टाकलं. टेबलावर ते बसले की दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. मीठ मागितलं तर कुणाला ऐकू येत नाही. मग शिपाई उलटले. ज्यांच्यासाठी ते रोज तक्रार लिहीत होते तेच. पाव वाटायला ते आले की रांगेतून डुकरासारखे आवाज यायचे. जेम टॉलीने एक अख्खा पाव फेकून मारला, तो त्यांच्या खांद्याला लागला. त्यांनी तो उचलला, माती झटकली आणि टोपलीत परत ठेवला. जेम माझ्या राहुटीत झोपतो. मला त्याला सांगता आलं असतं, ताई. सांगितलं नाही.

काल कर्नल साहेबांनी दरबार भरवला. रेजिमेंटची लंडनभर छी-थू झाली म्हणून ते भडकले होते. तो 'प्रत्यक्षदर्शी' त्यांना हवाच होता. त्यांनी लिहिता येणाऱ्या आम्हा अकरा जणांना मैदानात बसवलं, प्रत्येकापुढे एक ढोल, ढोलावर कागद. हुकूम सुटला, किल्ला काढा. हात ओळखायला बोलावलं कुणाला? हॅलेट साहेबांना, कारण छावणीत चित्रकलेतलं त्यांनाच कळतं. कर्नल सगळ्यांदेखत म्हणाले, "हॅलेट, तुमच्या अब्रूचे धिंडवडे निघालेत. तो हरामखोर दाखवून द्या, तुमच्यावरचा डाग पुसला असं मी समजेन. कप्तानाची जागा रिकामी आहे, तीही तुमची."

मी मुद्दाम वाकडंतिकडं काढलं. भिंती लहान मुलासारख्या, दार आकाशात.  ते एकेकाच्या मागून बघत आले आणि माझ्यामागे थांबले. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मी कागदाकडे बघितलं. सगळं वाकडं होतं, पण बुरुजाचा कोन बरोबर होता. त्यांनी शिकवला होता तसाच. हाताने आपला आपण काढला होता. पाईच्या किल्ल्यालाही तोच कोन आहे.

त्यांनी ओळखलं. मला वाटतं त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, खांबावर चित्र बघितलं तेव्हाच.

मेजर ओरडला, "काय हॅलेट, सापडला का?"

हॅलेट साहेब म्हणाले, "या पोरांचा वेळ घालवू नका, साहेब. ते चित्र मी काढलंय."

 कर्नल म्हणाले, "स्वतःचं?"

"स्वतःचं. म्हातारपणी माणसाला आरशाचा कंटाळा येतो."

मेजर पुढे आला. "अरे, स्वतःला कोण असं बदनाम करेल? नाव सांग ना सरळ!"

"सांगितलं की," ते म्हणाले. "मॅथायस हॅलेट. स्पेलिंग लिहून देऊ?"

तिथल्या तिथे त्यांची तलवार काढून घेतली. रेजिमेंटची बेअब्रू केली म्हणून तीस वर्षांची नोकरी अर्ध्या मिनिटात गेली. पावाची रिकामी गाडी मेडस्टोनला परत जात होती, तिच्यात त्यांची पेटी टाकली. शिपाई दोन्ही बाजूंनी शिट्ट्या मारत होते. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याने आमचा पाव खाल्ला तो खाल्ला, वर त्याची थट्टाही केली.

मी ढोलापुढे बसून होतो.  ते गाडीत चढताना त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. ताई, त्यांना वाटतंय की मी त्यांनाच काढलं! आणि तसं वाटत असूनही त्यांनी मला वाचवलं.

अंब्रोज


लंडन,
१४ सप्टेंबर १७७८

अंब्रोज,

तुझं पत्र आल्यापासून तुला खूप बोलायचं होतं. दोन पत्रं लिहून फाडली. मग परवा जे झालं त्यानंतर बोलायचं राहिलंच नाही.

सकाळची वेळ होती. काचेपुढे नेहमीची गर्दी. अचानक बाहेर हसण्याचा मोठा लोट उठला आणि कुणीतरी ओरडलं, "अरे, हा तर तोच! चित्रातला उतरून खाली आला!" मी वर बघितलं. गर्दीच्या मधोमध एक म्हातारा उभा होता, उजव्या डोळ्यावर पट्टी, अंगात साधा तपकिरी कोट. लोक त्याच्या पोटाला बोटं लावत होते. एका मासेवालीने विचारलं, "काय आजोबा, पाई पचली का?" तो जागचा हलला नाही. चित्र बघत होता.

मी दार उघडून त्यांना आत घेतलं. टोपी काढून त्यांनी विचारलं, "मिस पेनफोल्ड तुम्हीच का? अंब्रोज तुमच्याबद्दल फार बोलायचा."

मी मान हलवली. 

ते म्हणाले, "मी भांडायला आलेलो नाही, बाई. झालं ते झालं. फक्त एक विचारायचंय. मी त्या मुलाचं काय वाईट केलं होतं? खूप आठवून बघितलं. एकदा कोन चुकला म्हणून ओरडलो होतो, पण त्याला किती दिवस झाले. तेवढं मला सांगा, म्हणजे मी जातो."

अंब्रोज, माझ्या हातातला लाल रंगाचा ब्रश खाली पडला. मी रडायला लागले, त्या सहा जणींसमोर, मालकांसमोर. मी खिळ्यावरचा आरसा काढला आणि चित्रासमोर धरला. म्हटलं, "साहेब, आरशात बघा."

त्यांनी वाकून बघितलं. आरशात मेजर होता. डाव्या डोळ्यावर पट्टी, उजव्या हातात काटा, डाव्या कमरेला तलवार.

त्यांनी बोटाने आरशातली पट्टी चाचपली. मग म्हणाले, "हा मी नाही?"

"नाही साहेब. तुम्ही कधीच नव्हता. चूक माझी आहे, पत्र्यावर उलटं करायचं राहिलं."

ते स्टुलावर बसले. दोन्ही हातांनी गुडघे चोळत म्हणाले, "पाच आठवडे मी हे चित्र बघतोय. तलवार चुकीच्या बाजूला आहे, हे आयुष्यभर नकाशे काढणाऱ्या माणसाला दिसू नये? मला वाटलं, पोराला मी असाच दिसत असेन." आणि मग हसले. डोळ्यातून पाणी येत होतं तरी हसत होते. एवढे खूश झाले की मला आणखी लाज वाटली. आपण त्यांचं काय घालवलं, त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

मी म्हटलं, अंब्रोजला सगळं कबूल करायला सांगते. ते ताडकन उठले. म्हणाले, "त्याला कळवा, हा माझा हुकूम आहे, गप्प बसायचं. माझी नोकरी तशीही संपत आली होती. त्याची पाठ त्याला जन्मभर वापरायचीय." ते रॉचेस्टरला विधवा बहिणीकडे राहतात. मुलांना भूमिती शिकवणार म्हणाले. पण दाराशी शिकवणीची पाटी लावली तर तिच्याखाली कुणीतरी ते चित्र चिकटवून जातं.

ते गेल्यावर मी आत गेले, पत्रा उचलला आणि खरवडायच्या पात्याने आडव्यातिडव्या रेघा ओढल्या, तांब्याचा कीस निघेपर्यंत. मिस्टर स्पर्लिंगनी मला घालवलं. बरं झालं. पण विकल्या गेलेल्या शेकडो प्रती मी कशा खरवडू?

त्यांचा हुकूम तुला कळवला. माझं मत विचारू नकोस, मला ते देववत नाही. तू माझा एकुलता एक भाऊ आहेस.

ताई


छावणी, पहाऱ्याची कोठडी,
२२ सप्टेंबर १७७८

ताई,

हॅलेट साहेबांचा हुकूम मिळाला. त्यांचा आजवर मोडलेला हा पहिलाच.

रविवारी संचलन होतं, सगळी रेजिमेंट हजर. आदल्या दिवशी मी भोजनाच्या तंबूतल्या खांबावरून चित्र काढून घेतलं आणि त्याला बंदुकीचं तेल चोळलं. तेलाने कागद काचेसारखा होतो, नकाशे उतरवताना आम्ही तसंच करतो. हजेरी संपली आणि मी रांगेतून तीन पावलं पुढे आलो. 

मी म्हटलं, "कर्नल साहेब, ते चित्र माझं आहे. हॅलेट साहेब खोटं बोलले."

कर्नल काही बोलायच्या आत मेजर गॅडबरी घोड्यावरून हसला. "म्हणजे म्हाताऱ्याची सालं तू काढलीस होय! याला शिक्षा नको, साहेब, याला बक्षीस द्या!"

मी म्हटलं, "छपाईत ते उलटं पडलंय. मी असं काढलं होतं." आणि कागद फिरवून, छापलेली बाजू माझ्याकडे घेऊन, दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. ऊन माझ्या पाठीमागून येत होतं.

सातशे माणसं होती. पहिल्यांदा काहीच झालं नाही. मला वाटलं, दिसतच नाही बहुतेक, मी फुकट मेलो. मग पहिल्या रांगेतून जेम टॉलीचा आवाज आला, "आयला, डावा!" दुसऱ्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "डावा." मग तो शब्द मागे मागे जात राहिला. हसलं कुणीच नाही. सगळ्यांनी चित्राकडे बघितलं, मग घोड्याकडे बघितलं. मेजरचा हात आपोआप वर गेला आणि त्याने आपली पट्टी झाकली, ताई. सगळ्यांदेखत. त्या क्षणी ज्याला कळलं नव्हतं त्यालाही कळलं.

दोनशे फटके, गुरुवारी सकाळी. कर्नल म्हणाले, वरिष्ठाची थट्टा ती थट्टाच, मग ती कुठल्याही डोळ्याची असो. मेजर आजारी म्हणून घरी गेलाय. लंडनला कुणीतरी मोठे काका आहेत, त्यामुळे त्याला कुणी काही करणार नाही. आमचा पाव अजून हिरवाच आहे.

फटके मारायचे ढोलवाल्यांनी, असा इथला नियम आहे. म्हणजे जेमच मारणार. काल तो कोठडीच्या दाराशी येऊन बसला. म्हणाला, "मी त्यांना पाव फेकून मारला रे. आणि तू मला बघत होतास." मी म्हटलं, "हो." तो उठायला लागला. मग म्हणाला, "हळू मारता येत नाही, सार्जंट मोजतो." मी म्हटलं, "माहीत आहे."

मला भीती वाटतेय. फार वाटतेय. तू इकडे येऊ नकोस, तुला बघवणार नाही. तू रॉचेस्टरला जा. हॅलेट साहेबांना सांग, मी बावीस दिवस उशिरा बोललो, आणि त्याची माफी मागायला मला तोंड नाही. पण ते चित्र त्यांचं नव्हतं, हे आता सातशे माणसांना माहीत आहे.

तुझा
अंब्रोज